स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद

कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा मिळण्याआधी उमेदवाराला एक कागद लिहून द्यावा लागतो. त्याला छापील नमुना चालत नाही. स्वतःच्या हस्ताक्षरात लिहायचं आणि खाली सही करायची. ही दीक्षा मी माझ्या मर्जीने, मोकळ्या मनाने घेतो आहे, आयुष्यभर या सेवेला वाहून घेईन, मला दीक्षा मिळावी अशी विनंती करतो, एवढाच मजकुराचा आशय. चर्चच्या १९८३ च्या धर्मकायद्यातल्या १०३६ व्या कलमाने हा कागद बंधनकारक केला आहे. तोवर मुलाची सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत, आठ-दहा वर्षं गेलेली असतात. घरी मांडवाची बोलणी चालू असतात, आमंत्रणांची यादी झालेली असते. अशा वेळी चर्च त्याला पुन्हा एकदा विचारतं, बाबा, हे तुला स्वतःला हवंय ना?

मला या कागदाचं फार मोल वाटतं. आपल्या मराठी कॅथलिक घरांत, वसईत काय किंवा नगर-श्रीरामपूरकडे काय, पाचारणाचा, म्हणजे देवाने या सेवेला बोलावण्याचा, विषय निघाला की "आम्ही एक मुलगा देवाला दिला" असं अभिमानाने सांगितलं जातं. त्यामागची श्रद्धा खरी असते. पण मुलगा देण्याचा अधिकार आई-वडिलांकडे नाही, फादरांकडे नाही आणि बिशपांकडेही नाही. कुणालाही, कोणत्याही कारणाने, कोणत्याही प्रकारे दीक्षा घ्यायला भाग पाडण्यास कलम १०२६ पूर्ण मनाई करतं. त्याच कलमात पुढे, लायक माणसाला दीक्षेपासून मागे खेचायलाही तितकीच मनाई आहे. आजारपणात आईने केलेला नवस, आजोबांची शेवटची इच्छा, घरात आधीच एक काका फादर असणं, या गोष्टींनी मुलाच्या मनात बी पडू शकतं. त्यावर आयुष्य उभं करता येत नाही.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. मला देवाने बोलावलंय, असं एखाद्याने कितीही ठामपणे म्हटलं तरी तेवढ्याने तो धर्मगुरू होत नाही. दीक्षा हा कुणाचा हक्क नाही. बायबलमधल्या लहान शमुवेलाची गोष्ट आपल्याकडे पाचारणाच्या प्रत्येक शिबिरात सांगतात. रात्री हाक येते आणि तो तीनदा उठून म्हाताऱ्या एलीकडे धावतो. सांगताना सगळा भर हाकेवर पडतो आणि एली मागे राहतो. पण ती हाक कुणाची हे मुलाला कळलेलंच नव्हतं. एलीने ते ओळखलं आणि काय उत्तर द्यायचं तेही त्यानेच सांगितलं. सेमिनरीची सगळी वर्षं हे एलीचं काम करण्यात जातात.

पुण्यात हे काम गजबजलेल्या रस्त्यालगत चालतं. नगर रस्त्याने रामवाडीकडे जाताना पेपल सेमिनरी लागते. रोज तिथून जाणाऱ्या हजारो पुणेकरांना आत काय चालतं याची फारशी कल्पना नसते. तेरावे लिओ पोप असताना १८९३ मध्ये ही सेमिनरी श्रीलंकेतल्या कँडी इथे सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्याला आली. भारतातल्या माणसांना धर्मसेवा द्यायची तर ती याच देशातल्या मुलांनी द्यावी, हा तिच्यामागचा विचार, आणि तिच्या लॅटिन बोधवाक्यातही तोच आहे. शेजारी ज्ञानदीप विद्यापीठ आहे आणि येशूसंघीयांचं (जेझुइट धर्मगुरूंच्या संघाचं) दी नोबिली कॉलेज आहे. सतराव्या शतकात मदुराईला संन्याशाच्या वेशात राहिलेल्या रॉबर्ट दी नोबिलींचं नाव त्याला दिलेलं आहे. ज्ञानदीपमध्ये देशभरातले ब्रदर, धर्मभगिनी आणि सामान्य प्रापंचिक माणसंही तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान (देवाविषयीचं शास्त्र) शिकतात. पुण्यातल्या कॅथलिकांची मुळं त्याहून जुनी आहेत. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, १७९२ साली, जागा मिळाली. पुणे हा धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश, झाला तो १८८६ मध्ये.

मुलगा आत आला की साधारण काय घडतं ते सांगतो. आधी बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे दाखले, धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या) फादरांचं पत्र, वैद्यकीय तपासणी. रोमने २०१६ मध्ये काढलेल्या नियमावलीप्रमाणे पहिली पायरी तयारीच्या वर्षाची. ती एका वर्षाहून कमी नको आणि दोनाहून जास्त नको. या काळात प्रार्थनेची सवय लावायची, धर्मशिक्षणातल्या गाळलेल्या जागा भरायच्या, भाषा सुधारायच्या आणि भांडी घासण्यापासून बागकामापर्यंत सगळं इतरांबरोबर करायचं. मग किमान दोन वर्षं तत्त्वज्ञान आणि चार वर्षं ईशज्ञान. मध्ये बहुतेक ठिकाणी एखादं वर्ष प्रत्यक्ष कामासाठी, एखाद्या गावातल्या वसतिगृहात किंवा शाळेत. शेवटी डीकनची, म्हणजे धर्मगुरूच्या आधीच्या पायरीची, दीक्षा, आणि तिच्यानंतर किमान सहा महिन्यांनी धर्मगुरूची. वय पंचविशीच्या आत असून चालत नाही. येशूसंघीयांचा रस्ता आणखी लांब असतो. त्यांची दोन वर्षं नोव्हिशिएटमध्येच, म्हणजे व्रत घेण्याआधीच्या तयारीतच, जातात आणि त्यात तीस दिवसांची मौन साधना असते.

यातली तत्त्वज्ञानाची वर्षं मला सर्वांत महत्त्वाची वाटतात, आणि सर्वांत कठीणही. गावातून आलेल्या, रोझरी आणि नोव्हेनावर वाढलेल्या मुलाला अचानक ॲरिस्टॉटल, कांट, सांख्य, वेदान्त, बौद्धांचा क्षणिकवाद आणि देवाच्या अस्तित्वावरचे आक्षेप वाचावे लागतात, तेही इंग्रजीत. काहींची श्रद्धा हलते. तशी ती हलावी यासाठीच ही वर्षं ठेवलेली आहेत. पुढे एखाद्या बाईचं तान्हं मूल जातं आणि ती विचारते, "फादर, देव कुठे होता?" ज्याने तो प्रश्न स्वतःला कधी विचारलेला नाही, त्याच्याजवळ त्या वेळी पाठ केलेली वाक्यं सोडून काही नसतं.

इंग्रजीचा मुद्दा निघालाच आहे तर सांगून टाकतो. ईशज्ञान इंग्रजीत शिकायचं आणि प्रवचन करायचं मराठीत, ही आपल्याकडची मोठी अडचण आहे. नवीन फादरांचं मराठी प्रवचन पुष्कळदा मनातल्या मनात केलेला अनुवाद असतो. समोरच्या आजींना शब्द कळतात, पण ते मनाला भिडत नाहीत. ज्यांनी सेमिनरीच्या काळात मराठी संतसाहित्य वाचलं, कीर्तनं ऐकली, गावच्या बोलीत बोलायची लाज बाळगली नाही, त्यांचं प्रवचन वेगळं होतं. शनिवार पेठेतल्या स्नेहसदनात फादर मॅथ्यू लेदर्ले या जर्मन येशूसंघीयांनी मराठी धर्मपरंपरेचा अभ्यास किती गंभीरपणे घेतला होता, ते आठवलं की आपल्याच मुलांनी मराठीकडे पाठ फिरवणं खटकतं. लांबीबद्दल मात्र पोप फ्रान्सिस यांनी सांगितलेली मर्यादा पुरेशी आहे. ते म्हणत, आठ मिनिटांच्या आत आटपा.

सेमिनरीच्या रचनेत एक गोष्ट बाहेरच्यांना क्वचितच माहीत असते. मुलाला पारखणारी माणसं दोन प्रकारची असतात आणि त्यांच्यात मुद्दाम भिंत ठेवलेली असते. रेक्टर (सेमिनरीचे प्रमुख) आणि त्यांचे सहकारी त्याचं वागणं बघतात: अभ्यास, वेळ पाळणं, राग, पैशाचा व्यवहार, मुली-बायकांशी आणि लहान मुलांशी बोलण्याची रीत, आजारी सोबत्याला पाणी द्यायला उठतो की नाही. त्यांचा अहवाल बिशपांकडे जातो. आध्यात्मिक मार्गदर्शकाचं काम निराळं. त्यांच्याकडे मुलगा मनातलं सगळं बोलतो, मोह, शंका, घरची ओढ, कुणाबद्दलचं प्रेम. त्याला दीक्षा द्यावी की नाही याबद्दल त्यांचं किंवा पापनिवेदन ऐकणाऱ्यांचं मत विचारायला कलम २४० मनाई करतं. कारण उघड आहे. बोललेलं वर पोचेल अशी भीती असेल तर मुलगा बोलणारच नाही, आणि न बोललेली गोष्ट दहा वर्षांनी धर्मग्रामात फुटेल. ही भिंत पुसट झाली, मार्गदर्शकच हलकेच रेक्टरांच्या कानाला लागू लागले, की त्या सेमिनरीतली मुलं गोड बोलायला शिकतात. मग चाळणीचा उपयोग संपतो.

दीक्षेच्या आधी त्याच्या गावातल्या लोकांचीही जबाबदारी असते, आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. उमेदवाराला अडथळा ठरेल असं काही माहीत असेल तर ते बिशपांना किंवा धर्मग्रामाच्या फादरांना सांगायला विश्वासी जन बांधील आहेत, असं कलम १०४३ म्हणतं. आपल्याकडे अशा वेळी लोक गप्प बसतात. "कशाला कुणाच्या मुलाचं वाटोळं करायचं?" म्हणतात आणि नंतर तेच वर्षानुवर्षं कुजबुजत राहतात.

प्रत्यक्ष विधीत उमेदवाराला नावाने हाक मारतात, तो "हजर आहे" म्हणतो, आणि बिशप विचारतात, हा लायक आहे असं तुम्हाला माहीत आहे का? लोकांकडे चौकशी केली आहे आणि जबाबदार माणसांनी शिफारस केली आहे, असं उत्तर मिळाल्यावरच पुढे जायचं. मग तो वेदीसमोर जमिनीवर पालथा पडतो आणि सगळं चर्च संतांची लितानी, म्हणजे त्यांची नावं घेत केलेली प्रार्थना, म्हणतं. त्यानंतर बिशप एकही शब्द न बोलता त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. त्यांच्यामागून हजर असलेले सगळे धर्मगुरू रांगेने येऊन तसेच हात ठेवतात. हे हात आणि त्यानंतरची दीक्षेची प्रार्थना, संस्कार होतो तो यांनी. तळहातांना तेल लावणं, झगा चढवणं, थाळी आणि प्याला हातात देणं हे नंतरचं. आपल्याकडे फोटोवाल्यांची सगळी गर्दी या नंतरच्या भागाला होते आणि हात ठेवतानाची शांतता कॅमेऱ्यांच्या खडखडाटात जाते. फोटोवाल्यांना तेवढा वेळ खाली बसवावं, अशी माझी सगळ्या धर्मग्रामांना विनंती आहे.

दीक्षेच्या वेळी दिलेल्या वचनांपैकी आज्ञापालनाचं वचन मला सर्वांत जड वाटतं. लोक ब्रह्मचर्याबद्दल विचारतात, पण रोज टोचतं ते आज्ञापालन. उमेदवार आपले जोडलेले हात बिशपांच्या हातात ठेवतो आणि त्यांना व त्यांच्या वारसांना आदर व आज्ञापालन देण्याचं वचन देतो. ते वारस कोण असतील हे त्याला ठाऊक नसतं. पुण्यात बिशप वालेरियन डिसोझा १९७७ ते २००९ होते, मग २०२३ पर्यंत थॉमस डाबरे, त्यानंतर जॉन रॉड्रिग्ज आले आणि थोड्याच काळात मुंबईला गेले. म्हणजे या शतकाच्या सुरुवातीला ज्याने वचन दिलं, त्याने ज्यांच्या हातात हात दिला त्यांच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाचं ऐकायचं. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, कामाची आवड वेगळी. बदलीचं पत्र येतं तेव्हा ही गोष्ट कळते. पाच-सहा वर्षं खपून बांधलेली शाळा, जमवलेला तरुणांचा गट, ज्यांच्या घरी हक्काने जेवायला बसता येतं अशी चार घरं, सगळं सोडून दोन बॅगा घेऊन निघायचं. नव्या जागी पहिल्याच रविवारी कुणीतरी सांगणार, "आधीचे फादर असं करायचे." ज्याला लोकांनी आपल्याला चिकटून राहावं असं वाटतं, त्याला बदली मोडून टाकते. ज्याने लोकांना देवाकडे आणि एकमेकांकडे वळवलेलं असतं, त्यालाही ती दुखते, पण तो जातो.

ब्रह्मचर्याबद्दल थोडक्यात. लॅटिन चर्चमध्ये ते सक्तीचं आहे. दीक्षितांचे विवाह रद्दबातल ठरवणारा निर्णय ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेत पक्का झाला. पूर्वेकडच्या काही कॅथलिक चर्चेसमध्ये विवाहित पुरुषांना धर्मगुरू होता येतं. म्हणजे ही शिस्त आहे, श्रद्धेचं सूत्र नाही. पण जो ती स्वीकारतो त्याला ती पूर्ण पाळायची असते. लग्नाची भीती, मुलींशी बोलायचा संकोच किंवा स्वतःच्या शरीराबद्दलची घृणा यांतून आलेलं ब्रह्मचर्य टिकत नाही, आणि टिकलं तरी माणसाला कोरडं करतं. ज्याला चांगला बाप होता आला असता, त्यानेच इकडे यावं. रात्री नऊनंतर मोठ्या बंगल्यात एकट्याने बसायची वेळ येते तेव्हा काय वाचवतं, याची उत्तरं साधी आहेत: ठरलेली झोप, एखाददोन खरे मित्र, जवळच्या फादरांबरोबर आठवड्यातून एक जेवण, वर्षाची साधना, आणि ज्याच्यापाशी खोटं बोलता येत नाही असा मार्गदर्शक. धर्मग्रामाच्या फादरांना वर्षाला महिनाभर सुटी घ्यायची मुभा धर्मकायदाच देतो. "मला सुटी लागत नाही" असं जे अभिमानाने सांगतात, त्यांची मला काळजी वाटते.

पैशाबाबत गैरसमज पुष्कळ आहेत. दारिद्र्याचं व्रत असतं ते येशूसंघीयांसारख्या संस्थांतल्या धर्मगुरूंना. धर्मप्रांताच्या धर्मगुरूला ते नसतं. त्याच्या नावावर जमीन असू शकते, बँकेत खातं असू शकतं. त्याने साधेपणाने राहावं अशी अपेक्षा आहे आणि व्यापार करायला मनाई आहे. मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठी, लोक जो अर्पणनिधी देतात त्याचा हिशेब काटेकोर असतो. एका मिस्सासाठी एक निधी, आणि दिवसात दोन-तीन मिस्सा केल्या तरी स्वतःसाठी एकाचाच ठेवायचा. नाताळचा दिवस याला अपवाद. बाकीचं बिशप ठरवतील त्या कामाला जातं. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असायलाच हवी असं धर्मकायदा सांगतो. ती फक्त कागदावर असेल आणि चेकबुक एकाच कपाटात असेल, तर प्रामाणिक माणसावरही संशय येतो आणि अप्रामाणिकाला रान मोकळं मिळतं.

रोजचं काम बाहेरून दिसतं त्याहून एकसुरी असतं. डीकन झाल्यापासून मरेपर्यंत दिवसाच्या ठरलेल्या प्रार्थना, सकाळ, मध्यान्ह, संध्याकाळ, रात्र आणि वाचनाची. रोजची मिस्सा. पापनिवेदन, ज्यात ऐकलेलं कधीच कुणाला सांगायचं नाही, जीव गेला तरी नाही. लग्नाचे अर्ज, बाप्तिस्म्याच्या नोंदी, शाळेच्या गॅदरिंगचं अध्यक्षपद, गळणारं छप्पर. आणि रुग्णालयातून येणारा फोन. इथे लोकांनाही एक गोष्ट सांगायला हवी. रुग्णाला तेल लावण्याचा संस्कार जिवंत माणसासाठी आहे. कपाळाला आणि हातांना तेल लावताना त्याने प्रार्थनेत सामील व्हावं, जमल्यास पापनिवेदन करावं, ख्रिस्तप्रसाद घ्यावा, यासाठी तो आहे. घरचे मात्र "फादरांना पाहून आजोबा घाबरतील" म्हणून थांबतात आणि श्वास थांबल्यावर फोन करतात. मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी, गंभीर दुखणं कळल्या कळल्या बोलवावं. रात्री दोन वाजता उठून जायची धर्मगुरूची तयारी असते, पण तेव्हा उशीर झालेला असू नये.

काहींना या चौकटीतूनच मोठं काम सापडतं. स्वित्झर्लंडहून आलेल्या फादर हर्मन बाखर यांनी नगर जिल्ह्यात पाणलोटाचं काम उभं केलं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण ही उदाहरणं मुलांसमोर ठेवताना जपून ठेवावीत. नाव होईल म्हणून आत आलेल्या मुलाला त्या एकसुरी सकाळी झेपत नाहीत.

चुकतं कुठे, याबद्दल आपण फार वर्षं दबक्या आवाजात बोललो. ज्याच्यापुढे सगळे "फादर, फादर" म्हणून उभे राहतात, ज्याला कुणी नाही म्हणत नाही, त्याला आपण चुकत नाही असं वाटायला लागतं. लहान मुलांवरचे अत्याचार यातूनच दडपले गेले, जगभर आणि चर्चच्या सगळ्या थरांत. आता आपल्या देशात २०१२ चा पोक्सो कायदा आहे. त्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. चर्चमध्येही २०१९ पासून धर्मगुरू आणि व्रतस्थांना अशी माहिती वरिष्ठांना द्यावीच लागते. पण त्याआधीचा उपाय सेमिनरीच्या दारातच आहे. एका सेमिनरीतून काढलेला मुलगा दुसरीत आला तर त्याला का काढलं याची साक्ष आधीच्या वरिष्ठांकडून घ्यावीच, असं कलम २४१ सांगतं. मुलं कमी पडताहेत म्हणून हे पत्र मागवायचं टाळणं ही अक्षम्य हयगय आहे. धर्मगुरू कमी असले तर लोक दोन मैल चालून मिस्साला जातील. चुकीचा माणूस वेदीवर चढवला तर लोक चर्चच सोडतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

म्हणून सेमिनरी सोडून आलेल्या मुलाकडे आपण कसं बघतो, हे मला पाचारणाइतकंच महत्त्वाचं वाटतं. "पळून आला", "काढून टाकलं असणार" अशी बोलणी ऐकावी लागतील, आईची मान खाली जाईल, या भीतीने किती मुलं आतच राहत असतील. दीक्षा झाल्यावर परत फिरणं फार अवघड आहे. संस्कार पुसला जात नाही, आणि ब्रह्मचर्याच्या बंधनातून फक्त पोपच मोकळं करू शकतात. त्याआधी, अगदी डीकन होण्याच्या आदल्या आठवड्यातही, तो नाही म्हणू शकतो. ज्याने असं नाही म्हटलं त्याने चर्चवर उपकारच केले.

पण नाही म्हणायला पायाखाली जमीन लागते. तत्त्वज्ञानाची चर्चची पदवी घेऊन सव्विसाव्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलाला नोकरीच्या मुलाखतीत काय उपयोग? त्यामुळे आई-वडिलांना आणि पाचारण शिबिरं घेणाऱ्या फादरांना माझा आग्रह असा, की दहावी-बारावीच्या मुलाची घाई करू नका. आधी विद्यापीठाची पदवी होऊ द्या, बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., जे आवडेल ते. वर्षभर नोकरी केली तर आणखी चांगलं, पगार हातात आला की सोडायचं काय ते कळतं. जो आधीच आत आहे त्याला बहिःस्थ पदवी पुरी करायला वेळ आणि फीचे पैसे सेमिनरीने द्यावेत.